ट्रकच्या आडोशाला

उंब्रज मागे पडले आणि भाच्याने गाडी एका लांबलचक कंटेनरच्या मागे नेऊन लावली. उजवी लेन मोकळी होती, तरी तो ओव्हरटेक करेना. कंटेनरचे मागचे दोन दरवाजे, त्यांवरच्या उभ्या लोखंडी दांड्या, चिखलाने माखलेली नंबरप्लेट आणि उरलेसुरले लाल-पांढरे रेडियम, एवढेच काय ते आमच्या काचेतून दिसत होते. पुढचा रस्ता, दोन्हीकडची उसाची शेते, तासवडे टोलनाक्याची पाटी, सगळे त्या पत्र्याआड गेले होते.

"काय रे, झोप आली का?" मी विचारले.

"नाही मामा, ॲव्हरेज बघा." त्याने डॅशबोर्डवरच्या आकड्याकडे बोट दाखवले. "साताऱ्यापर्यंत सतरा-अठरा दाखवत होती. आता वीसच्या वर गेलीय. ट्रकच्या मागं वारा लागत नाही. फुकटचं पेट्रोल आहे हे."

मी त्याला अंतर वाढवायला सांगितले. त्याने थोडेसे वाढवले, दोन मिनिटांनी पुन्हा कमी केले. भाचा पुण्यात नोकरी करतो, महिन्यातून दोनदा कोल्हापूरला घरी येतो. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेल्यापासून ही युक्ती त्याने अंगवळणी पाडून घेतली आहे. त्याच्या कचेरीतले निम्मे लोक असेच करतात, असे तो म्हणाला. मला त्याला खोटे पाडता येईना, कारण हेच मी त्याच्याहून लहान वयात केले होते, तेही सायकलवर.

आमची शाळा गावापासून सात किलोमीटरवर होती. थंडीच्या दिवसांत समोरून बोचरा वारा यायचा आणि पायडल मारून मांड्या भरून यायच्या. पण तोच उसाचा हंगाम. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर दिसला की आम्ही जीव खाऊन सायकली हाणायचो आणि मागच्या ट्रॉलीला गाठायचो. एकदा तिच्या पाठीशी पोहोचलो की वारा बंद. कानातला आवाज बंद. पायडल हलके व्हायचे, जणू रस्ताच उताराला लागला. कुणी एखादे कांडे उपसायचा, कुणी बाहेर आलेल्या उसाला एका हाताने धरून नुसताच बसायचा. एक दिवस खड्डा आला म्हणून ट्रॅक्टर कचकन थांबला आणि माझ्या पुढच्या मुलाचे दोन दात ट्रॉलीच्या फाळक्यावर राहिले. त्यानंतर काही दिवस आम्ही लांबून गेलो. मग पुन्हा वारा सुटला.

त्या आडोशात नेमके काय असते आणि तो किती पैसे वाचवतो, हे नीट समजून घ्यायचे मी त्या प्रवासात ठरवले. भाच्याला पटेल असे उत्तर त्याच्याच भाषेत, आकड्यांत, द्यायला हवे होते.

ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. मोटारीचे तोंड साधारण दोन चौरस मीटरांचे धरले, तर दर सेकंदाला पन्नास किलोंहून अधिक हवा तिला बाजूला सारावी लागते. सिमेंटचे एक पोते, दर सेकंदाला एक, आणि हे अखंड. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिला वजन नाही असे आपल्याला वाटते. शिवाय हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट. गावात ताशी ४० ने फिरताना जे ओझे नगण्य असते, ते हायवेवर ८० ला चारपट होते आणि १०० ला सहापटीच्या पुढे जाते. त्या वेगाला इंजिनाची निम्म्याहून अधिक ताकद नुसती हवा ढकलण्यात जाते. टायरचे घर्षण त्यापुढे लहान पडते.

आता ट्रक घ्या. अडीच मीटर रुंद, चार मीटर उंच, पुढून भिंतीसारखा सपाट. सेकंदाला अडीच क्विंटल हवा फाडत तो जातो. फाटलेली हवा त्याच्या मागे लगेच मिटत नाही. कृष्णेच्या पुलावरून पुरात खाली पाहिले तर खांबाच्या मागल्या अंगाला पाणी गोल फिरताना दिसते, पालापाचोळा तिथेच घुटमळतो, पुढे वाहून जात नाही. ट्रकच्या पाठीशी हवेचे तसेच एक डबके तयार होते आणि ते ट्रकबरोबर ओढले जाते. तिथे दाब कमी असतो. एस्टीच्या शेवटच्या बाकावर बसून कच्च्या रस्त्याने गेलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. धूळ समोरून येत नाही, मागून आत घुसते, आणि गाडीची मागची काच सर्वांत आधी मळते. त्या डबक्यात शिरलेल्या मोटारीला समोरचा वारा कमी लागतो. भाच्याचा विसाचा आकडा तिथून येतो.

या हवेचा माग काढणाऱ्यांत मला सर्वांत आवडलेला माणूस सायकलवरचाच निघाला. एड सॉल्झमन हे अमेरिकेच्या नासाचे अभियंता. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातल्या उड्डाण संशोधन केंद्रात ते काम करत आणि कामावर सायकलने जात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या पुढची हवा आधी त्यांना रस्त्याबाहेर झुडपांकडे ढकलायची आणि ट्रक पुढे सरकला की तीच हवा त्यांना सायकलसकट रस्त्याकडे ओढून घ्यायची. आपल्याकडे हायवेच्या कडेने सायकल किंवा लुना चालवणाऱ्या प्रत्येकाने हा धक्का आणि ही ओढ सोसली आहे. सॉल्झमन विमानांच्या हवेचा हिशोब करणारे होते. ट्रक एवढी हवा ढकलतो आणि ओढतो, म्हणजे तेवढे डिझेल तो वाया घालवतो, हे त्यांनी ओळखले.

काळही तसाच होता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, आणि १९७४ च्या सुरुवातीला सबंध देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. त्या सुमारास नासाच्या या केंद्राने एक जुनी फोर्ड व्हॅन घेतली, तिला चहूबाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचे चौकोनी खोके बनवले आणि धावपट्टीवर पळवले. मग एकेक कोपरा गोल करत गेले. पुढचे-मागचे उभे कोपरे गोल केल्यावर हवेचा विरोध ४० टक्क्यांनी उतरला, आडव्या कडाही गोल केल्यावर ५४ टक्क्यांनी. आतली माल भरायची जागा त्यात जेमतेम तीन टक्के गेली. आज ट्रकच्या केबिनवर जो तिरका टोप दिसतो आणि नव्या गाड्यांची केबिन कोपऱ्यांत वळलेली असते, त्यामागे या आणि अशा कामाची पुण्याई आहे.

म्हणजे ज्याने ट्रकच्या हवेची ओढ आपल्या अंगावर अनुभवली, त्याने ट्रकच्या मागे लपायचा मार्ग धरला नाही. त्याने ट्रक बदलला. हे मला फार मोलाचे वाटते.

मोटार ट्रकमागे नेली तर किती वाचते, हे डिस्कव्हरी वाहिनीवरच्या 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमाने २००७ साली मोजून दाखवले. ट्रक आणि मोटार दोन्ही ताशी ५५ मैलांनी. मागे १०० फुटांवर मोटार ठेवली, ॲव्हरेज ११ टक्क्यांनी वाढले. ५० फुटांवर २० टक्के. २० फुटांवर २७. दहा फुटांवर ३९. अगदी दोन फुटांवर नेली तेव्हा ही वाढ उलट घसरून २८ वर आली, कारण तेवढ्या जवळ टिकून राहायला चालकाला सारखा ॲक्सिलरेटर दाबावा आणि सोडावा लागला. हा प्रयोग ठरवून, मोकळ्या जागी, एकमेकांशी बोलणाऱ्या चालकांनी केला होता, आणि असे रस्त्यावर करू नका हे त्यांनी स्वतःच बजावले होते.

३९ हा आकडा ऐकला की कुणाचेही डोळे चमकतील. पण त्याच आकड्यांना वेळेत बदलून पाहा. ताशी ८८ ने गाडी सेकंदाला २४ मीटर जाते. दहा फूट म्हणजे तीन मीटर. पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला तर तुमच्या हातात सेकंदाचा आठवा भाग आहे, पापणी लवेपर्यंतचा. अचानक काही घडले तर ते दिसणे, कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे यालाच सावध माणसाला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. या दीड सेकंदात गाडी ब्रेकशिवाय ३६ मीटर पुढे गेलेली असते. १०० फूट हे अंतर भाच्याला भरपूर वाटते, पण तेही सव्वा सेकंदाचेच. म्हणजे ज्या अंतरावर ११ टक्के मिळतात, तिथेही प्रतिसादाला पुरेल एवढा वेळ मिळत नाही.

यावर भाच्याचे म्हणणे असे की ट्रक जड, त्याला थांबायला वेळ लागतो, आपली गाडी हलकी आणि ब्रेक चांगले. हे म्हणणे ट्रक स्वतःच्या ब्रेकने थांबतो तोवर खरे. तो समोरच्या उभ्या गाडीवर आदळून थांबला तर ब्रेकचे कुठलेच गणित लागू होत नाही. शिवाय साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाची कामे चाललेली. कुठे रस्ता अचानक सेवारस्त्यावर वळवलेला, कुठे बॅरिकेड, कुठे खडीचा ढीग. उंच केबिनमधल्या डायव्हरला ते दिसते. मागच्या मोटारीला पत्रा दिसतो. ट्रक खड्डा आपल्या चाकांच्या मधे घेऊन निघून जातो आणि तो खड्डा मोटारीच्या तोंडाशी उगवतो. मेलेले जनावर, पडलेला दगड, रिमोल्ड टायरचा सुटलेला हातभर पट्टा, सगळ्यांचे तेच. मागच्या चाकांतून उडालेली बारीक खडी काचेवर बसते ती वेगळीच. एका नव्या काचेचा खर्च कितीतरी फेऱ्यांची बचत एकदम घेऊन जातो.

परतताना शिरवळच्या पुढे एका ढाब्यावर मी मुद्दाम थांबलो. समोर चार कंटेनर उभे होते. चेन्नईकडून भिवंडीला माल नेणारा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला एक डायव्हर खाटेवर बसून चहा पीत होता. पंचवीस वर्षे स्टेअरिंगवर. मी विषय काढला.

"दादा, तुमच्या मागं मोटारी चिकटून चालतात, तुम्हाला कळतं का?"

"साहेब, आमच्या आरशात आमच्याच गाडीची कड दिसती अन् बाजूचा रोड दिसतो. बरोबर मागं कोन हाय, ते आम्हाला दिसतच नाही. रात्रीच्याला लायटीचा उजेड हलतो तवा अंदाज येतो. दिवसा तर कायबी नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "मागच्याला वाटतं आपन डायव्हरच्या भरवशावर हाय. डायव्हरला तर त्यो हाय म्हनूनच ठाऊक नाही."

मोटारवाल्याने चिकटून गेल्याने ट्रकचे डिझेल जास्त जाते का, हेही मी विचारले. पुष्कळ डायव्हरांची तशी समजूत असते. त्याने हात झटकला: "आमाला काय कळतंय? पंचवीस टन माल वढतोय, त्यात तुमची मोटार कुठं जाणवती." शास्त्र त्याच्या बाजूने आहे. मागच्या गाडीमुळे पुढच्याचे नुकसान होत नाही. मागची गाडी अगदी जवळ आणि मोठी असेल तर पुढच्यालाही थोडा फायदाच होतो, कारण पाठीमागचे ते ओढणारे डबके काहीसे भरून निघते.

मग त्याने आपणहून सांगितले की गाडी खाली असली आणि वारा समोरून असला की तेही पुढच्या गाडीचा आडोसा धरतात. याचे कारण डिझेल. मालक डिझेल मोजून देतो, ठरलेल्या किलोमीटरला ठरलेले लिटर. त्यातून वाचले तर डायव्हरचे, कमी पडले तर त्याच्या पगारातून. अवजड ट्रक लिटरला चारएक किलोमीटर जातो. महिन्याला आठ हजार किलोमीटर धरले तर दोन हजार लिटर, नव्वद रुपयांच्या दराने एक लाख ऐंशी हजारांचे डिझेल. त्यातले पाच टक्के म्हणजे नऊ हजार रुपये. भाच्याच्या बचतीची आणि या बचतीची तुलनाच होत नाही. इथे घर चालते.

याच पैशापायी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय लागते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार या सवयीसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे उतारावर सुटलेल्या एका ट्रकने पुढच्या कितीतरी गाड्या चेपत नेल्या. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडली होती, अशी माहिती तेव्हा पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आली. इंजिन बंद पडले की ब्रेकला लागणारी हवा भरणे थांबते आणि इंजिनाचा रोधही हातचा जातो. यातली सर्वांत वाईट गोष्ट ही की न्यूट्रलने आता डिझेल वाचतच नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पूर्ण तुटते, चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. जुन्या गाड्यांवर शिकलेली युक्ती नव्या गाडीत उलटी पडते, आणि हे डायव्हरांना कुणी बसवून सांगितलेले नसते. ढाब्यावरच्या डायव्हरला मी सांगितले तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मोटारीचा हिशोबही मांडायला हवा. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. लिटरला १८ ने साडेबारा-तेरा लिटर पेट्रोल, १०४ रुपयांनी सव्वातेराशेचे. सबंध वाट ट्रकच्या मागे १०० फुटांवर काढली, सगळ्या वाटेत ट्रक मिळाला, तो एकाच वेगाने गेला, वारा आडवा आला नाही, तर ११ टक्के वाढलेल्या ॲव्हरेजने वाचतील एकशे तीस-चाळीस रुपये. खंबाटकीत त्यातले काहीच वाचणार नाही. घाटात ट्रक वीस-तीसने चढतो. त्या वेगाला हवेचा विरोध असतोच किती? तिथे इंजिन झगडते ते वजनाशी आणि चढाशी. घाटात ट्रकच्या पाठीला चिकटणाऱ्याला धूर मिळतो आणि चढावर गाडी मागे घसरली तर तिचा फाळका मिळतो, बचत मिळत नाही. आडव्या वाऱ्यातही हा आडोसा एका बाजूला फेकला जातो.

भाच्याच्या आकड्याकडे मी पुन्हा पाहिले तेव्हा खरी गोष्ट लक्षात आली. साताऱ्यापर्यंत तो ताशी शंभराने आला होता. कंटेनरमागे लागल्यावर वेग झाला ऐंशी. शंभरावरून ऐंशीला आले की हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी आपोआप उतरतो. ८० चा वर्ग ६,४००, १०० चा १०,०००, शाळेतलेच गणित. टायरचे घर्षण, एसी, इंजिनाचे स्वतःचे खाणे वजा केले तरी दहा-पंधरा टक्के पेट्रोल तेवढ्यानेच वाचते. म्हणजे डॅशबोर्डवर वाढलेला आकडा बऱ्याच अंशी ट्रकच्या आडोशाचा नव्हताच. तो ट्रकच्या वेगाचा होता. आणि ट्रकचा वेग धरायला ट्रकच्या जवळ जावे लागत नाही. तो दोनशे मीटर मागूनही धरता येतो, डोंगर दिसत असताना, टोलनाक्याची पाटी दिसत असताना. रस्ता पूर्ण मोकळा मिळाला असे धरले तरी कोल्हापूरला पस्तीसेक मिनिटे उशीर होईल. सरकारच्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघाने, म्हणजे पीसीआरएने, वर्षानुवर्षे हेच सांगितले आहे. त्यांचा सल्ला तर ४५ ते ५५ च्या वेगाचा आहे. आपण त्यांचे फलक वाचून पुढे जातो.

ट्रकच्या पाठीबद्दल थोडे थांबून लिहिणे मला भाग आहे. मोटारीची रचना अशी असते की धडकेत तिचे बॉनेट चुरगळावे आणि आतली माणसे वाचावीत. पण हे बॉनेट ट्रकच्या हौद्याखाली शिरले तर चुरगळायला काही लागतच नाही. हौद्याची कड थेट काचेशी, माणसांच्या मानेशी येते. अमेरिकन अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड २९ जून १९६७ च्या पहाटे अशाच प्रकारे गेल्या. त्यांची मोटार पुढच्या ट्रेलरखाली शिरली. त्यानंतर तिकडे ट्रकच्या मागे खाली जो लोखंडी आडवा दांडा बसवला जातो त्याला लोक आजही त्यांचे नाव लावतात. आपल्याकडेही असा दांडा बंधनकारक आहे, त्याचे भारतीय मानक आहे. ढाब्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे जाऊन मी ते पाहिले. एकाचा दांडा नीट होता. एकाचा वाकून वर गेला होता. एकाच्या जागी तारेने बांधलेली पातळ पट्टी होती, मुलाने लाथ मारली तरी तुटेल अशी. उसाच्या ट्रॉल्यांना तर तेही नाही. मागे दिवा नाही, रेडियम नाही, बाहेर आलेला ऊस मात्र हातभर. हंगामात या ट्रॉल्यांवर रात्री आदळून माणसे मरतात आणि दर वर्षी त्याच बातम्या येतात. कारखाने गाळपाचा टनाटनाचा हिशोब ठेवतात. ट्रॉलीच्या मागे शंभर-दोनशे रुपयांचे रेडियम चिकटवून घेतल्याशिवाय ती गव्हाणीवर घेणार नाही, असा नियम त्यांनी पाळला तर एका हंगामात चित्र पालटेल, असे माझे ठाम मत आहे.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिकला परतणारे १२ जण गेले. त्या चालकाला पेट्रोल वाचवायचे नव्हते. ट्रकची पाठ काय करते एवढ्यासाठी मी ते इथे लिहितो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात अपघातांच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून धडकण्याचा आहे, एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त.

माणसाच्या डोळ्यांवर आणि पायावर भरवसा ठेवून जवळ जाता येत नाही, तर यंत्रावर ठेवून जाता येईल का? हा विचारही जगाने करून पाहिला. ऑगस्ट १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ आठ मोटारी एकमेकींमागे साडेसहा मीटरांवर, हायवेच्या वेगाने, चालकाचा हात न लागता धावल्या. त्यांना वाट दाखवायला रस्त्यात लोहचुंबक पुरले होते. मला त्यावरून आमच्याकडच्या बैलगाड्या आठवल्या. रात्री कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांची माळ असायची. पहिला गाडीवान जागा, मागचे उसावर निजलेले, आणि बैल पुढच्या गाडीखालच्या कंदिलामागे चालत राहायचे. चुंबकांचे काम कंदील करायचा. पण त्यांचा वेग ताशी तीन किलोमीटर होता.

२०१४ साली अमेरिकेच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने टेक्सासमध्ये दोन ट्रक बिनतारी जोडून, एकाने ब्रेक दाबला की दुसऱ्याचा त्याच क्षणी दाबला जाईल अशी सोय करून चालवले. मागच्या ट्रकचे ९.७ टक्क्यांपर्यंत आणि पुढच्याचे ५.३ टक्क्यांपर्यंत इंधन वाचले. फार जवळ गेल्यावर मात्र मागच्या इंजिनाला थंड हवा कमी पडली, पंखा जोरात फिरू लागला आणि बचतीचा काही भाग त्याने खाल्ला. आपल्या मे महिन्यात काय होईल याची कल्पना करा. एप्रिल २०१६ मध्ये युरोपातल्या सहा मोठ्या कंपन्यांचे ट्रक असे जोडून देशोदेशींहून निघून रॉटरडॅमला पोहोचले आणि मोठा गाजावाजा झाला. तीन वर्षांत, जानेवारी २०१९ ला, त्यांतल्याच डाइमलर कंपनीने हा नाद सोडत असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष रस्त्यावर मधे दुसऱ्या गाड्या घुसतात, जोडी तुटते, पुन्हा जुळवायला मागच्याला वेग वाढवावा लागतो, आणि वाचलेले इंधन त्यात जाते. डाइमलरने हे पाहिले ते अमेरिकेतल्या सरळसोट, शिस्तीच्या हायवेवर. आपल्याकडे ट्रक आणि मोटारीच्या मधल्या जागेत तर दुचाकीवरून अख्खे कुटुंब शिरते, उलट दिशेने ट्रॅक्टर येतो, आणि दुभाजकाच्या फटीतून माणसे रस्ता ओलांडतात.

भाच्याला मी हे सगळे आकडे घालून कागदावर लिहून दिले. त्याने वेगाच्या वर्गाचे गणित मोबाइलवर करून पाहिले आणि पुढच्या फेरीला ऐंशीने, ट्रक डोळ्यांपुढे लांब ठेवून, एकटाच कोल्हापूरला गेला. पोहोचल्यावर त्याने डॅशबोर्डचा फोटो पाठवला. आकडा कंटेनरमागच्या आकड्याच्या अगदी जवळ होता.

भाऊबीजेला मी बहिणीकडे कोल्हापूरला जाणार आहे आणि गाडी भाचाच चालवणार आहे. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईहून हजारो गाड्या गावाकडे निघतील, त्यांतली एखादी तुमची असेल. पुढच्या ट्रकचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील एवढे मागे राहा. तरच बाजूला आलात तेव्हा त्यालाही तुम्ही दिसाल. ट्रकने रस्त्याकडेचा एखादा खांब ओलांडला की सावकाश म्हणा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. एकशे तीन म्हणायच्या आधी तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात, तर आणखी मागे या. पाऊस असेल, रात्र असेल, तर पाचपर्यंत मोजा. वेग हवा तर त्याच्याएवढाच ठेवा.